नऊ पायऱ्या कोरड्या

११ जून, बुधवार

निवृत्त झालो तेव्हा डायरी बंद केली होती. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं, आणि न घडलेलं लिहायची मला सवय नाही. आता घडतंय म्हणून ही नवी वही.

आमच्या घरांच्या रांगेमागे जी झाडी आहे ती एका बांधकाम कंपनीने घेतली. तिथे चौदा इमारती उठणार. गल्लीची पाचावर धारण बसली आहे. काल त्यासाठी दाताच्या डॉक्टरांकडे सभा झाली, म्हणजे त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत जिथे ते लोकांचे दात उपटतात तिथे. खुर्च्या कमी पडल्या म्हणून डॉक्टर स्वतः रुग्णाच्या खुर्चीत आडवे झाले आणि तसेच आडवे असताना अध्यक्ष म्हणून निवडून आले. दवाखाना त्यांचा, एवढीच त्यांची पात्रता.

तेवीस माणसं आणि नकाशा वाचता येणारा एकही नाही. कंपनीने वाटलेला आराखडा अर्धा तास हातोहात फिरला, त्यातली दहा मिनिटं उलटा. मी मजा बघत होतो.

मग आमच्या शेजारच्या बाई उठल्या. त्या रोज सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून झाडीत पक्षी बघायला जातात, म्हणून मी त्यांना पक्षीवाल्या बाई म्हणतो. त्यांनी वीस मिनिटं 'पाणथळ, पाणथळ' केलं. पाणथळीतली झाडं, पाणथळीतले बगळे, पाणथळ बुजवली तर पाणी आपल्या घरात. शेवटी मला राहवेना. मी विचारलं, ही पाणथळ कोणत्या सरकारी नकाशात दाखवली आहे? पावसात चार महिने पाणी साचतं त्याला डबकं म्हणतात. पाणथळीला नकाशात वेगळी निशाणी असते, गवताचे तीन झुबके आणि खाली आडवी रेघ. एकतीस वर्षं मोजणी खात्यात मी हेच केलं. नकाशात नाही ते नाही.

डॉक्टर आडव्यानेच म्हणाले, काका, तुम्ही आमच्या समितीत या. मी म्हटलं, विचार करतो. असल्या मंडळींत बसून कोणाचं भलं झालंय.

१४ जून, शनिवार

हिला सभेचा वृत्तांत सांगितला. ही हूं हूं करत भाजी निवडत होती. मध्येच उठली, छत्री घेतली आणि मागच्या दाराने गेली. दहा मिनिटांनी आली, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आजच्या चौकोनात बारीक अक्षरात '८' लिहिलं आणि पुन्हा भाजीला बसली.

हा हिचा जुना छंद. झाडीत एक पडकं पंपघर आहे, त्याच्या नऊ पायऱ्या खाली उतरतात. त्यातल्या किती कोरड्या ते ही रोज बघून येते आणि लिहून ठेवते. इथे राहायला आलो तेव्हापासून चालू आहे. मी एकदा विचारलं होतं, पायरी हे एकक कोणत्या पुस्तकात आहे? मीटर आहे, फूट आहे, पायरी कुठे आहे? ही म्हणाली होती, पंपघरात आहे. बायकांशी मोजमापाबद्दल वाद घालू नये.

१९ जून, गुरुवार

आज कधी नव्हे तो एक सुसंस्कृत माणूस भेटला.

कंपनीचा इंजिनियर. पस्तिशीचा असेल, बूट दाराबाहेर काढून आत आला, हिला वाकून नमस्कार केला, चहात साखर कमी आहे का विचारलं तर म्हणाला, अगदी बरोबर आहे काकू. मी सावध होतोच. पण त्याने पिशवीतून जे काढलं ते बघून मी सावधपणा विसरलो, हे इथे कबूल करतो.

माझा नकाशा. चौतीस वर्षांपूर्वीचा, या झाडीचा आणि भोवतालच्या जमिनीचा. शाईने काढलेला, कडेला माझं अक्षर, कोपऱ्यात माझी सही. प्रत होती, पण रेघ न् रेघ माझी. तो म्हणाला, "सर, आता यंत्रं आहेत, उपग्रह आहेत, पण अशी मोजणी कोणी करत नाही. आम्ही नव्याने पडताळली. चार इंचांचाही फरक नाही. पंपघरसुद्धा जागच्या जागी." मी म्हटलं, पंपघराचा प्रत्येक कोपरा मी टेपने घेतला होता. तो म्हणाला, "माहीत आहे सर. प्रशिक्षणात तुमची टिपणं आम्हाला अजून शिकवतात. नियम सात तर पाठ आहे." आणि त्याने तो म्हणून दाखवला: ओल्या जमिनीत मोजणीची पट्टी लावू नये, पट्टी रुतते आणि वाचन चुकते, जमीन वाळेपर्यंत थांबावे.

खात्यातल्या लोकांनी निरोपाच्या दिवशी मला घड्याळ दिलं होतं. ते दोन महिन्यांत बंद पडलं. नियम सात अजून चालू आहे, हे कोणी कळवलंही नव्हतं.

त्याला फक्त एक शपथपत्र हवं होतं की हा नकाशा माझा आहे आणि बिनचूक आहे. मी वाचून सही केली. त्यात खोटं काहीच नव्हतं. तो गेल्यावर ही म्हणाली, "कशावर सही केलीत?" मी म्हटलं, माझ्याच कामावर. ही कप विसळत राहिली.

२ जुलै, बुधवार

समितीत गेलो. मला बोलावल्याशिवाय यांचं पान हलत नाही आता.

कंपनीचं रंगीत माहितीपत्रक आलं आहे. त्यावर चौदा इमारती आणि त्यांच्या मधोमध निळाशार तलाव, काठावर एक जोडपं पाण्याकडे बघत हसतंय. खाली लिहिलं आहे: पाण्याच्या सोबतीनं जगा. म्हणजे आधी माती टाकून जमीन पाच फूट वर उचलायची आणि मग तिच्यात खड्डा खणून नळाचं पाणी सोडायचं. हे वाचून मी इतका हसलो की डॉक्टरांनी भीतीने माझ्या दातांकडे बघितलं.

पण खरं सांगायचं तर जमीन पाच फूट वर उचलणार हे वाचल्यावर माझ्या डोक्यात आकडे फिरायला लागले. आमची रांग त्या झाडीपेक्षा फार उंच नाही. झाडीत पाणी असेल आणि झाडी बुजवली, तर ते पाणी कुठेतरी जाणारच, आणि आमच्या स्वयंपाकघराशिवाय त्याला दुसरी जागा नाही. पक्षीवाल्या बाई नेमकं हेच म्हणत होत्या. पण पाणी असेल तर. नकाशाप्रमाणे ती कोरडी, झुडपी जमीन आहे.

हे मी त्यांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "काका, एकदा खिडकीतून तरी बघा." अशा माणसाला काय उत्तर द्यायचं.

९ जुलै, बुधवार

चार दिवस झड. मागच्या अंगणात कपडे धुवायच्या दगडाच्या खालच्या कडेपर्यंत पाणी आलं. हिने कॅलेंडरवर '५' लिहिलं. मी म्हटलं, हे पावसाचं पाणी आहे, निचरा नाही म्हणून साचलं. ही म्हणाली, "हो का." हिच्या 'हो का'मध्ये फार जागा असते. एकोणीस वर्षांपूर्वी हे घर घेताना मीच हिला सांगितलं होतं की मागची जमीन मी स्वतः मोजली आहे, ठणठणीत कोरडी आहे. पहिल्याच पावसाळ्यात पाणी आलं तेव्हाही ही असंच 'हो का' म्हणाली होती.

१५ जुलै, मंगळवार

आजचं लिहावं की नाही, तासभर पेन हातात धरून बसलो.

जनसुनावणी सहा ऑगस्टला आहे. त्यासाठी कंपनीचा पर्यावरण अहवाल सगळ्यांना मिळाला. डॉक्टरांनी आज तो सभेत मोठ्याने वाचला, पान एक्केचाळीसपर्यंत. पान एक्केचाळीसवर थांबले आणि चष्मा पुसायला लागले. मी म्हटलं, वाचा की, दात आलेत का? सगळे हसले. मग त्यांनी वाचलं.

'सदर जागा पाणथळ नाही. चौतीस वर्षांपूर्वीच्या अधिकृत मोजणीत ती कोरडी असल्याचे सिद्ध आहे. मोजणी करणाऱ्या अधिकाऱ्याने सदर नकाशा बिनचूक असल्याचे शपथेवर सांगितले आहे.' आणि खाली माझं नाव, माझा पत्ता. त्यांच्याच गल्लीतला पत्ता.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला ओरडण्याला उत्तर देता येतं. सगळे माझ्याकडे असे बघत होते जसे डॉक्टर किडलेल्या दाढेकडे बघतात. मी उभा राहिलो आणि म्हणालो की नकाशा बिनचूक आहे, कोणीही येऊन मोजावा, चार इंचांचा फरक निघाला तर मी ही गल्ली सोडून जाईन. एवढी वर्षं लोकांनी माझ्या रेघांवरून भांडणं मिटवली आहेत, भावाभावांच्या बांधांचे निकाल माझ्या रेघांवर लागले आहेत.

पक्षीवाल्या बाईंनी अहवालातला माझा नकाशा हातात घेतला. या बाईंना नकाशा वाचता येत नाही असं मी इथेच लिहिलं आहे. त्यांनी पंपघरावर बोट ठेवलं.

"काका, हे तुम्हीच दाखवलंय ना?"

मी म्हटलं, हो, चारही कोपरे टेपने घेऊन.

"मग कोरड्या जमिनीवर पंपघर कोणी कशाला बांधलं असेल?"

मी घरी आलो. हिने जेवायला वाढलं. मी जेवलो नाही, पण ताट पुढे ठेवून बसलो.

१६ जुलै

पंपघराला नऊ पायऱ्या आहेत हेही मी मोजणी-वहीत लिहिलं होतं. खाली उतरणाऱ्या नऊ पायऱ्या. पायऱ्या उतरून माणूस पाण्याकडेच जातो, दुसरीकडे कुठे जाणार.

आमचा पट्टीवाला आठवला. माझ्यापेक्षा वयाने मोठा होता, मी दुर्बिणीत बघायचो आणि तो लांब उभा राहून आकड्यांची पट्टी धरायचा. या झाडीत काम चालू असताना त्याने मला झाडांची खोडं दाखवली होती. प्रत्येक खोडावर कमरेच्या उंचीला वाळलेल्या चिखलाची रेघ होती, सगळीकडे एकाच पातळीत, दुर्बीण लावून ओढल्यासारखी. तो म्हणाला होता, "साहेब, इथे पाणी असतं." मी त्याला म्हटलं होतं, पट्टी सरळ धर, अक्कल नको पाजळू.

मोजणी आम्ही एप्रिलच्या शेवटी सुरू केली आणि पंधरा मे रोजी संपवली. दर वर्षी मोजणी त्याच महिन्यांत. पट्टी रुतत नाही, वाचन चुकत नाही. अचूकपणासाठी थांबायचो. इतकं अचूक काम केलं की त्यात इंचाचाही दोष नाही. फक्त पाणी राहिलं.

२० जुलै, रविवार

माळ्यावरून माझी जुनी दुर्बीण उतरवली. तिपाईचा एक पाय गंजला होता, त्याला तेल दिलं. पट्टीही निघाली, तीन दुमडींची, आकडे अजून वाचता येतात. पण पट्टी धरायला माणूस कुठून आणायचा? समितीकडे मागणं मला जमणार नव्हतं. ही म्हणाली, "मी धरते." गुडघ्याच्या दुखण्याची आठवण करून दिली तर म्हणाली, "रोज कोण जातं मग?"

गेलो. चिखलात माझे पाय घोट्यापर्यंत. ही साडी खोचून पंपघराच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पाचव्या पायरीवर पाणी टेकलं होतं, पण ही पाण्यात उतरली, नवव्यापर्यंत पायाने चाचपत. मी तिला इशारा करायच्या आत पट्टी सरळ. एकदाही डुलली नाही. एकतीस वर्षांत इतकी सरळ पट्टी मला कोणी धरून दिली नव्हती. हे मी हिला सांगितलं. "पाय दुखतायत, लवकर वाचा," म्हणाली.

नऊ पायऱ्या, प्रत्येक साधारण सतरा सेंटीमीटर. मग दुर्बीण आमच्या घराकडे वळवली. आमच्या स्वयंपाकघराची फरशी दुसऱ्या पायरीच्या पातळीत आहे.

घरी आल्यावर हिने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. आत कॅलेंडरं. एकोणीस वर्षांची, गुंडाळून, वर्षाप्रमाणे दोऱ्याने बांधलेली. मी विचारलं, ही कधीपासून जपून ठेवलीस? ही म्हणाली, "फेकायला तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

२४ जुलै, गुरुवार

चार दिवस आकडे उतरवतोय. जवळजवळ साडेसहा हजार नोंदी. मधे काही जागा कोऱ्या आहेत. मुलीच्या बाळंतपणाला ही गेली होती ते दोन महिने कोरे. त्या दोन महिन्यांत मी इथेच होतो, पण मला कोणी पायऱ्या बघायला सांगितलं नव्हतं. स्वतःहून बघावं असं काही मला सुचणार नव्हतं.

पायऱ्यांना आता माझ्या उंच्या आहेत, म्हणून हिचा प्रत्येक आकडा सेंटीमीटरमध्ये बदलता येतो. निकाल स्पष्ट आहे. वर्षातले दहा महिने तिथे पाणी असतं. नऊच्या नऊ पायऱ्या कोरड्या असतात फक्त एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. एकोणीसपैकी एकोणीस वर्षं. म्हणजे मी नेमक्या त्याच महिन्यात गेलो होतो.

ही पाणथळ आहे. मी लिहितोय हे माझ्या हाताने.

२७ जुलै, रविवार

इंजिनियर आला होता. आम्हाला दुर्बीण घेऊन फिरताना कोणीतरी बघितलं असणार. या वेळी बूट बाहेर काढले नाहीत, पावसाने चिखलाचे झाले होते तरी. चहा नको म्हणाला.

फार गोड बोलला. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायची त्याची पद्धत आता माझ्या ओळखीची झाली आहे. म्हणाला, "सर, सुनावणीला यायचीही तसदी घेऊ नका. शपथपत्र आहेच. पण ते मागे घेतलंत, तर लोक विचारतील ना, की या माणसाचा हा नकाशा चुकला, तर बाकीचे किती चुकले? तुमच्या नकाशांवर किती निकाल लागलेत. तुमचं नाव आहे म्हणून सांगतोय."

तो गेल्यावर ही म्हणाली, "धमकी देऊन गेला." मी म्हटलं, नाही, हिशोब सांगून गेला. तो चुकत नाही. मी काढलेले शेकडो नकाशे. सगळे एप्रिल-मे. त्यातल्या किती जागांवर आज घरं आहेत, मला माहीत आहे. पुढचा विचार मी केला नाही. म्हणजे केला, पण पुरा केला नाही.

सहा तारखेला मला ताप येऊ शकतो. या वयात कोणालाही येतो. समिती हिची कॅलेंडरं घेऊन जाईल, पण पायरीची उंची कोण सांगणार? पायरी हे काही एकक नाही. अधिकारी दोन मिनिटांत ती गुंडाळी बाजूला सरकवेल. मी न बोलता घरी बसलो, तर कोणी माझं नाव खराब करणार नाही. फक्त पाणी घरात येईल, आणि तेही कदाचित माझ्या नंतर.

हे लिहिलं आणि वाचलं. असलं लिहिणारा माणूस समितीतल्या कोणापेक्षाही वरचा आहे असं मला वाटत होतं.

३१ जुलै, गुरुवार

सगळ्यात जुनं कॅलेंडर उतरवायचं राहिलं होतं. आम्ही इथे राहायला आलो ते वर्ष. जूनपर्यंत कोरं. मग बारा जुलैच्या चौकोनात पहिली नोंद. बाकी सगळीकडे नुसता आकडा आहे, इथे मात्र हिने चौकोन भरून, त्याच्या बाहेरही बारीक अक्षरात लिहिलं आहे:

'४. हे म्हणतात तिथे पाणी नसतंच. रोज बघून लिहायचं. कधी विचारतील तेव्हा दाखवू.'

हिला विचारलं, हे काय आहे? हिने चष्मा लावून वाचलं. म्हणाली, "अहो, मला वाटलं होतं, महिनाभरात विचाराल."

६ ऑगस्ट, बुधवार

सुनावणी. शाळेचं सभागृह, पंखे मोठ्याने फिरणारे, माईक मधेच मुका होणारा. मंचावर अधिकारी बाई, नाक गळत होतं, हातात रुमाल. कंपनीचे चौघे पहिल्या रांगेत, इंजिनियर कडेला. त्यांनी पडद्यावर माझा नकाशा दाखवला. पडद्यावर तो फारच सुंदर दिसतो, हे मला मान्य करावंच लागेल.

डॉक्टर उभे राहून बोलले. आडवे नसले की ते बरं बोलतात. पक्षीवाल्या बाई बोलल्या, पाच मिनिटांत संपवलं, एकदाही रडल्या नाहीत. मग अधिकारी बाईंनी विचारलं, नकाशाला आव्हान द्यायला कोणाकडे काही पुरावा आहे का?

मी उठलो. म्हणालो, ती सही माझी आहे आणि शपथपत्रही माझं आहे, ते मी मागे घेतोय. जागा चुकलेली नाही, महिना चुकलाय. मग सगळं सांगितलं. पट्टी रुतते म्हणून आम्ही वाळायची वाट बघत असू. पट्टीवाल्याने झाडांवरच्या रेघा दाखवल्या होत्या आणि मी त्याला गप्प केलं होतं. मग पायऱ्यांची तालिका आणि कॅलेंडरांची पेटी त्यांच्या टेबलावर ठेवली.

अधिकारी बाईंनी कॅलेंडर उलगडून विचारलं, "या नोंदी कोणी घेतल्या?"

मी म्हटलं, "माझ्या बायकोने. आमच्या घरात तेवढंच खरं मोजमाप होतं."

मागून कोणीतरी हसलं, पण टिंगल नव्हती. कंपनीच्या वकिलाने विचारलं, म्हणजे तुमचे बाकीचे नकाशेही असेच असतील? मी म्हटलं, जिथे जिथे एप्रिलमध्ये गेलो तिथे तपासून बघावं लागेल, यादी मी द्यायला तयार आहे. इंजिनियर बुटांकडे बघत होता.

घरी येताना ही म्हणाली की तुम्ही आज फार लांब बोललात. मग म्हणाली, बरं बोललात.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

निकाल. बांधकामाला स्थगिती, जागेची सरकारतर्फे नव्याने मोजणी होणार, आणि त्या मोजणीत पाणथळ ठरली तर परवानगी रद्द. डॉक्टरांनी दवाखान्यात सगळ्यांना पेढ्याऐवजी टूथब्रश वाटले. माणूस बदलत नाही. मी घेतला, माझा जुना झालाच होता.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मोजणी खात्याचं पत्र आलं. नव्या मोजणीची तारीख: वीस एप्रिल.

वाचून मी इतका भडकलो की हिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. वीस एप्रिल. नऊच्या नऊ पायऱ्या कोरड्या. खात्यातल्या या मठ्ठ लोकांना एवढं कळू नये? सुनावणीत हे सगळं कागदावर आलं, तरी पुन्हा एप्रिल? लगेच उत्तर लिहायला बसलो. 'कोणत्या अडाण्याने ठरवलेल्या नियमानुसार' असं पहिल्याच ओळीत लिहिलं आणि नियमाचा आकडा टाकण्यासाठी त्यांचं पत्र पुन्हा पुढे ओढलं.

शेवटच्या परिच्छेदात होता. 'ओल्या जमिनीत पट्टी रुतून वाचन चुकत असल्याने, प्रशिक्षण टिपण, नियम सात अन्वये, जमीन वाळेपर्यंत थांबण्यात येत आहे.' खाली तळटीप, आणि तळटिपेत माझं नाव.

ही मागे उभी राहून वाचत होती. "हो का," म्हणाली.

पहिली ओळ खोडली नाही. तशीच ठेवली आणि पुढे लिहिलं की तो अडाणी मी आहे, नियम सात माझा आहे आणि तो रद्द करावा. मोजणी पाण्यात करावी. पट्टी रुतू नये म्हणून तिच्याखाली लाकडी फळी ठेवावी. हे चौतीस वर्षांपूर्वीही ठेवता आलं असतं. पट्टी धरायला माणूस मिळत नसेल तर आमच्या घरी एक आहे. त्याखाली सही केली, पूर्ण नावाची.

पत्र टाकून आलो तेव्हा ही कॅलेंडरसमोर पेन्सिल घेऊन थांबली होती. म्हणाली, गुडघा फार दुखतोय, आज तुम्ही बघून या. छत्री दिली. बूट घालायला लागलो तर म्हणाली, "ते राहू द्या, ओले होतील." मी घातले.

तीन कोरड्या.